औषधाच्या खिडकीवर विचारा, लाजू नका

मागच्या अंकात औषधांबद्दल प्रश्न मागवले होते, तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली, व्हॉट्सअॅप आले, काही जणांनी तर स्ट्रिपचे फोटोच पाठवले. सगळे इथे मावणार नाहीत, त्यामुळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत. मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, खिडकीच्या आतल्या बाजूला, तिथे जे रोज दिसतं त्यावरून लिहितेय. तुमच्या पेशंटचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचा, तो मी इथून सांगणार नाही.

ताई, वडिलांना सकाळी राउंडला डिस्चार्ज सांगितला आणि औषधं हातात पडली दुपारी. बाहेरचा मेडिकलवाला पाच मिनिटात देतो, तुमच्याकडे आत एवढं काय चालतं? (एक मुलगा, अमळनेर)

दादा, राग बरोबर आहे. त्यातला बराचसा वेळ फाईल, बिल, इन्शुरन्सची मंजुरी यातच जातो आणि तो कमी व्हायलाच पाहिजे. पण फार्मसीत जो वेळ लागतो त्यात काय होतं ते सांगते, कारण तो वेळ तुमच्या वडिलांसाठीच असतो.

समजा डिस्चार्ज कार्ड माझ्यासमोर आलं. मी आधी नाव, वय आणि आयपीडी नंबर, म्हणजे अॅडमिट झालेल्या पेशंटचा नंबर, बघते, कारण एका वॉर्डात एकाच आडनावाचे तीन पाटील सहज असतात. मग अॅलर्जी लिहिलीय का ते. मग किडनीचा रिपोर्ट, क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर काही अँटिबायोटिकचा डोस कमी करावा लागतो, शुगरची मेटफॉर्मिनसुद्धा किडनी बघूनच द्यायची असते. आणि मग सगळ्यात जास्त सापडणारी गडबड, ती म्हणजे एकच औषध दोन नावांनी. कार्डावर नवीन गोळी लिहिलेली असते टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन एकत्र असलेली, आणि खाली ओळ असते की बीपीची जुनी गोळी चालू ठेवा, आणि ती जुनी गोळी असते नुसती टेल्मिसार्टन. दोन्ही घेतल्या तर बीपी इतकं उतरू शकतं की माणूस पहाटे उठून बाथरूमला जाताना चक्कर येऊन पडेल आणि खुब्याचं हाड मोडून परत आमच्याकडेच येईल. अशा वेळी मी डॉक्टरांना फोन लावते, ते ओटीमध्ये असतात, मग थांबावं लागतं. तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर घड्याळ बघत असता आणि आतमध्ये नेमका हा फोन चाललेला असतो.

त्यानंतर औषध काढायचं, ज्याची एक्स्पायरी आधी ते आधी काढायचं, बॅच नंबर बिलावर आला का बघायचा, आणि शक्यतो एकाने काढलेलं दुसऱ्याने तपासायचं. नावं फार सारखी असतात हो. मेटफॉर्मिन शुगरची आणि मेट्रोनिडाझोल जुलाबाच्या इन्फेक्शनची, घाईत लिहिलेलं असेल तर इंग्रजीतली पहिली तीन अक्षरं सोडून काही वाचता येत नाही. म्हणून अशी जोडीची औषधं आम्ही रॅकमध्ये मुद्दाम लांब लांब ठेवतो.

वॉर्डातल्या इंजेक्शनांचं तर अजूनच कडक असतं. पोटॅशियम क्लोराइडची छोटी अँप्युल दिसायला साध्या डिस्टिल्ड वॉटरसारखी, पण ती पातळ न करता सरळ शिरेत गेली तर हृदय बंद पडतं. त्यामुळे ती इतर औषधांत मिसळू द्यायची नाही, वेगळ्या कुलुपात, लाल लेबल लावून ठेवायची, आणि सिस्टरनी मागितली तर कोणत्या पेशंटला, किती सलाइनमधून, किती वेळात, हे विचारल्याशिवाय द्यायची नाही. सिस्टर कधी कधी चिडतात, पण विचारावंच लागतं.

पुढच्या वेळी एक करा, घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णासकट, एका पिशवीत घालून अॅडमिट होतानाच सोबत आणा. निम्मे फोन वाचतील.

आईला रोज दोन वेळा इन्सुलिन आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो आणि लाइट कधी जाईल सांगता येत नाही. बाटली खराब झाली हे कळायचं कसं? मळ्यात राहतो, बर्फ मिळत नाही. (केळी उत्पादक, रावेर तालुका)

भाऊ, हा प्रश्न रावेर, यावलकडून उन्हाळ्यात दरवर्षी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशात, म्हणजे फ्रिजमध्ये. पण फ्रीजरमध्ये नाही आणि फ्रीजरला टेकूनही नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी कामाचं राहत नाही, ते टाकूनच द्यायचं. चालू असलेली बाटली साधारण २८ दिवस बाहेर चालते, पण कंपनीच्या कागदावर २५ किंवा ३० अंशाच्या आत असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या घरात रात्रीसुद्धा पारा तेवढा खाली येत नाही. त्यामुळे बाहेर ठेवायचं हे जे पुण्या-मुंबईचे नातेवाईक सांगतात ते आपल्याकडे उन्हाळ्यात चालत नाही.

फ्रिज नसेल तर माठ. एका मोठ्या माठात थोडी वाळू, त्यात लहान मडकं, दोघांच्या मधल्या जागेत पुन्हा वाळू भरायची आणि ती वाळू सकाळ-संध्याकाळ ओली ठेवायची. बाटली घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात घालून आतल्या मडक्यात ठेवायची, वर ओलं फडकं, आणि हे सगळं सावलीत, जिथे वारा लागतो तिथे. यात फ्रिजसारखे ८ अंश होत नाहीत, पण बाहेरच्यापेक्षा बरंच गार राहतं, आणि आपली उन्हाळ्याची हवा कोरडी असल्याने पाणी पटापट उडतं म्हणून हे आपल्याकडे चांगलं चालतं. पावसाळ्यात दमट हवेत तेवढं चालत नाही, पण तेव्हा तेवढा ताप पण नसतो. महिन्याला लागेल तेवढीच बाटली घ्या, तीन महिन्यांचा साठा मळ्यात नको.

आणताना मोटरसायकलच्या डिकीत टाकू नका, डिकी तापून भट्टी होते. फार्मसीतून आइस पॅक मागा आणि बाटली त्याला थेट टेकवू नका, मध्ये रुमाल गुंडाळा, नाहीतर गोठते. आणि शेवटचं काम म्हणून इन्सुलिन घ्या, आधी घेऊन मग बाजार, बी-बियाणं, नातेवाईक असं करू नका.

खराब झालेलं कसं ओळखायचं? जे इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असायला हवं ते गढूळ दिसलं की टाका. मिक्स इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं, ते हातात हळू फिरवून घ्यायचं, आणि त्यात गुठळ्या किंवा काचेला पांढरे कण चिकटलेले दिसले तर तेही टाका. पण उन्हाने खराब झालेलं कधी कधी दिसायला ठीकच दिसतं, त्यामुळे आईचं खाणं तेच, डोस तोच आणि शुगर मात्र उगीच वाढायला लागली तर बाटलीवर संशय घ्या आणि डॉक्टरांना तसं सांगा.

भाऊ, तुम्ही विचारलं नाही पण हे वाचाच. बाटली ४० ची आहे का १०० ची, म्हणजे एका मिलीत किती युनिट, ते लेबलवर बघा आणि सिरिंज त्याचीच हवी, ४० ला लाल टोपी, १०० ला केशरी टोपी. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज घेऊन २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात २० नाही, ५० युनिट जातात. आईला घाम फुटेल, हातपाय थरथरतील, शुद्ध जाईल. आणि उलटं झालं, म्हणजे ४० चं इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये, तर २० च्या जागी फक्त ८ जातात आणि शुगर का उतरत नाही म्हणून सगळे हैराण. मेडिकलवर सिरिंज मागताना नुसतं इन्सुलिनची सुई द्या असं म्हणू नका, बाटली किंवा तिचा फोटो दाखवून मागा.

ताई, बाळ नऊ महिन्यांचं आहे, ८ किलो. तापाचे ड्रॉप्स संपले म्हणून सिरप आणलं, औषध तेच आहे ना मग माप पण तेच का? (एक आई, भुसावळ)

नाही गं, माप अजिबात तेच नाही, आणि विचारलंस ते फार बरं केलंस. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. सिरपमध्ये ५ मिलीत १२५ असतं, म्हणजे १ मिलीत फक्त २५. ड्रॉप्स चौपट कडक. उलटं करून बघ, कुणी सिरपच्या सवयीने ड्रॉप्सची बाटली चमच्यात ओतून ५ मिली पाजली तर बाळाच्या पोटात एका वेळी ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी. लिव्हरला धोका तो हाच. त्यात सिरपही दोन येतात, १२५ वालं आणि २५० वालं, खोकी जवळजवळ सारखी. म्हणून डॉक्टरांना विचारताना ‘किती मिली’ एवढंच विचारू नको, ‘या बाटलीतलं किती मिली’ असं विचार आणि बाटली समोर धर. माप घ्यायला सोबत आलेलं ड्रॉपर किंवा कप वापर, घरातला चहाचा चमचा नको, प्रत्येक घरात तो वेगळा असतो.

सर्दी-खोकल्याच्या सिरपबद्दल पण सांगते, कारण २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी आल्यावर बऱ्याच आया घाबरून आमच्या खिडकीवर आल्या होत्या. तिथे डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलं गेलेल्या सिरपने लहान मुलं दगावली, किडनी बंद पडून. त्यानंतर केंद्र सरकारनेही पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळावीत. तुझं बाळ नऊ महिन्यांचं आहे, तेव्हा कुणी शेजारणीने दिलं तरी घेऊ नको. आणि बाळाच्या कुठल्याही औषधाचं बिल जपून ठेव, त्यावर बॅच नंबर असतो, उद्या एखादी बॅच परत मागवली तर तुला घरबसल्या कळेल की आपली बाटली त्यातली आहे का.

सासूबाईंना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलंय. चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा लिहिलंय, पण मेडिकलवाल्या पोराने रोज एक सांगितली. कुणाचं खरं? (सून, धुळे)

चिठ्ठीचं. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबायला नको म्हणून तुम्हाला फोनवर कळवलंच आहे, पण बाकीच्यांसाठी लिहिते. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात, आणि माणूस दगावू शकतो, हे मी घाबरवायला नाही लिहीत, जगभर असं झालेलं आहे आणि बहुतेक वेळा कारण हेच, कुणीतरी सवयीने ‘रोज’ म्हटलं. आम्ही हे देताना वार ठरवून घेतो आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात वाराचं पूर्ण नाव लिहितो, एका वेळी चार आठवड्यांच्याच गोळ्या देतो. फॉलिक अॅसिडची गोळी डॉक्टर वेगळ्या वारी देतात, तिचाही वार लिहून घ्या. घरात कॅलेंडरवर खूण करा, आणि गोळ्यांचा डबा सासूबाईंच्या रोजच्या बीपीच्या डब्यापासून वेगळा ठेवा. तोंड आलं, ताप आला, अंगावर निळे डाग दिसले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर.

माझ्या मायला वाचता येत नाही. ती म्हणते, ‘लाल गोयी सकाये, पिवयी गोयी रातले.’ या वेळी कंपनी बदलली तर सकाळची गोळी पांढरी निघाली आणि तिने ती घेतलीच नाही, चार दिवस बीपीची गोळी बंद. काय करावं? (मुलगा, साक्री. कामासाठी सुरतला असतो)

दादा, मायचं काही चुकलं नाही. तिला रंगच सांगितला होता, रंग बदलला, मग तिने ओळख नसलेली गोळी घेतली नाही, एका अर्थी शहाणपणाच केला. चुकलं ते देणाऱ्याचं, कंपनी बदलताना तिला सांगायला हवं होतं. काही घरात याच्या उलट होतं, जुनी लाल पण शिल्लक असते आणि नवीन पांढरी पण, म्हातारी माणसं दोन्ही घेतात कारण दोन वेगळ्या वाटतात.

आम्ही अशा पेशंटला पाकिटावर चित्र काढून देतो, सकाळला सूर्य, रात्रीला चंद्र, आणि जेवणाआधी-नंतर साठी रिकामं आणि भरलेलं ताट. मग तिलाच म्हणायला लावतो, ‘माय, आता तू मला सांग कशी घेशील.’ ती तिच्या अहिराणीत बरोबर सांगते तोवर सोडत नाही. नुसती मान हलवली तर ते मी धरत नाही, मान सगळेच हलवतात. धडगाव, अक्कलकुव्याकडून सिकलसेलचे, म्हणजे रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट येतात, घरात पावरी बोलतात, त्यांच्यासोबत शाळेत जाणारं पोरगं असेल तर त्याला पुढे घेते, आशाताई असतील तर त्यांना. हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल दुखत असेल तेव्हाच घ्यायची असा समज फार आहे, आणि ती तर रोज घ्यायची असते, मधूनमधून रक्त तपासून. हे त्यांच्या भाषेत कुणी सांगितलं नाही तर दुखणं थांबलं की डबी बंद होते.

तुम्ही सुरतला आहात तर असं करा, औषध घेतलं की मायने किंवा शेजाऱ्याने पाकिटांचा फोटो तुम्हाला पाठवायचा, तुम्ही स्ट्रिपवरचं बारीक अक्षरातलं औषधाचं खरं नाव आणि मिलिग्रॅम जुन्या फोटोशी जुळवायचं. कंपनीचं मोठ्या अक्षरातलं नाव बदललं तरी चालेल, ते आतलं नाव आणि आकडा तोच हवा. आणि चार दिवस गोळी बंद होती हे डॉक्टरांना सांगा, एकदम दुप्पट घेऊन भरपाई करायला लावू नका.

हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून औषध घ्यायची सक्ती असते का? (चाळीसगाव)

नाही. रुग्णहक्कांच्या सनदेत औषध कुठून घ्यायचं हे पेशंटने ठरवायचं असं आहे, आणि महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, २०२५ मध्ये हॉस्पिटलमधल्या मेडिकलवर तसा बोर्ड लावायला सांगितलंय. मी स्वतः अशा मेडिकलमध्ये आहे तरी हेच सांगेन. बाहेरून आणलं तर बिल घ्या, स्ट्रिप कापून नाव किंवा एक्स्पायरी गेलेली नको, आणि थंड ठेवायची इंजेक्शनं आइस पॅकमध्येच आणा, वॉर्डात सिस्टर तपासून घेतील. जनऔषधीमध्ये तेच औषध बरंच स्वस्त मिळतं, डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्या म्हणा. आणि आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत, म्हणजे उपजिल्हा, ग्रामीण रुग्णालयं वगैरे, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, तिथे आधी विचारा.

वहिनीला शुगरची गोळी लिहिली होती, एका मेडिकलने भलतीच दिली. आठवडाभर घेतली, मग लक्षात आलं. विचारायला गेलो तर म्हणे अक्षरच तसं होतं. तक्रार करायची तर कुठे? (पाचोरा)

पहिलं वहिनीची तब्येत, डॉक्टरांकडे जाऊन शुगर तपासा आणि आठवडाभर काय घेतलं ते स्ट्रिप दाखवून सांगा. स्ट्रिप, बिल, चिठ्ठी तिन्ही फेकू नका, मेडिकलवाल्याला मूळ स्ट्रिप परत देऊ नका, फोटो काढून ठेवा.

‘अक्षरच तसं होतं’ हे उत्तर मला पटत नाही. अक्षर वाचता आलं नाही तर फोन करायचा असतो, अंदाजाने द्यायचं नसतं. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध देणारा माणूस नोंदणी झालेला फार्मासिस्ट हवा, त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं असतं, ते बघायचा आणि ‘फार्मासिस्ट कोण आहे’ असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तक्रार एफडीएकडे, जिल्ह्याच्या ऑफिसात लेखी द्या किंवा टोल फ्री १८००-२२२-३६५ वर. आणि एखाद्या औषधाने, बरोबर दिलेल्या सुद्धा, अंगावर पुरळ, सूज, चक्कर असा त्रास झाला तर त्याची नोंद १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कुणीही करू शकतं, पेशंट स्वतः पण. आपण एक फोन केला तर काय होणार असं वाटतं, पण अशा नोंदी जमल्यावरच औषधांवर इशारे छापून येतात.

चांगल्या हॉस्पिटलमध्ये चूक झाली की फॉर्म भरतात, अगदी पेशंटपर्यंत न पोचलेली चूक सुद्धा. त्यात कुणाला फासावर द्यायचं नसतं, ती दोन खोकी शेजारी का होती, फोन का केला नाही, हे शोधायचं असतं. जिथे चूक दाबतात तिथे ती परत होते.

वडील वारले, त्यांची बरीच औषधं उरलीत, इन्सुलिन पण आहे. कुणाला देऊ का? (शिरपूर)

दादा, तुमच्या भावना कळतात, पण शेजाऱ्या-पाजाऱ्यांना देऊ नका. अख्ख्या सीलबंद स्ट्रिपा बिलासकट जिथून घेतल्या तिथे दाखवा, काही मेडिकलवाले थोड्या दिवसांतल्या परत घेतात. इन्सुलिन आणि फ्रिजमधली औषधं कुणीच परत घेणार नाही आणि घेऊही नये, कारण ती घरी कशी ठेवली होती ते कुणाला माहीत नसतं. बाकीच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून मातीत किंवा चहाच्या चोथ्यात कालवून पिशवी बांधून कचऱ्यात टाका, स्ट्रिप कापून टाका, अरुणावतीत किंवा तापीत सोडू नका. सुया मोकळ्या टाकू नका, जाड प्लास्टिकच्या डब्यात भरा, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि दवाखान्यात नेऊन द्या, नाहीतर घंटागाडीवर कचरा वेगळा करणाऱ्या माणसाच्या हाताला त्या टोचतात.